मोबदला न घेणारा गुरू काय घेतो?

आपल्या समाजात सेवा या शब्दाला मोठा मान आहे. देवळाच्या उत्सवात पंक्तीला वाढणारा, कीर्तनाच्या आधी सतरंज्या घालणारा, वारीच्या वाटेवर थकलेल्या वारकऱ्याच्या पायांना तेल चोळणारा, यांपैकी कोणीही पैसे मागत नाही. आणि त्यास पैसे देऊ करणे हेही अनुचित समजले जाते. या जुन्या सेवांच्या जोडीला अलीकडच्या काळात एका नव्या सेवेची भर पडली आहे. ती म्हणजे धावणाऱ्यांची सेवा. तिचा विचार मंदिराच्या पत्रिकेत कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु तिच्यातून जो प्रश्न उत्पन्न होतो तो धर्मविचाराच्या अगदी गाभ्यातला आहे. म्हणून तो वाचकबंधुभगिनींपुढे अल्पमतीनुसार मांडीत आहे.

प्रथम या सेवेचे स्वरूप पाहू. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. ४२.१९५ किलोमीटरच्या त्या लांबलचक मार्गावर पाण्याचे पेले हाती घेऊन उभे असणारे, वळणावर दिशा दाखविणारे, भोवळ आलेल्यास सावरणारे असे असंख्य स्वयंसेवक लागतात. काही अनुभवी धावपटू तर हाती वेळेचे निशाण घेऊन ठरलेल्या गतीने धावतात. मागून येणाऱ्यांनी त्यांच्या पाठोपाठ धावावे व ठरल्या वेळेत पोहोचावे, एवढाच त्यांचा हेतू. त्यांस ‘पेसर’ म्हणतात. लंडनच्या बुशी पार्क नावाच्या उद्यानात २ ऑक्टोबर २००४ रोजी अवघ्या १३ धावपटूंनी पाच किलोमीटरची एक धाव घेतली. त्या लहानशा बीजातून ‘पार्करन’ नावाची चळवळ अनेक देशांत पसरली. तीत शनिवारच्या धावेस प्रवेशशुल्क नसते, आणि वेळ नोंदविण्यापासून मार्ग राखण्यापर्यंत बहुतेक सर्व कामे गावातील हौशी माणसे विनावेतन करतात.

आपल्या परसवाड्याच्या बाजूस असले मोठे सोहळे नाहीत. इकडे धावणे हे बहुधा भरतीसाठी असते. सैन्यभरतीत १६०० मीटरचे अंतर नेमून दिलेल्या वेळात पुरे करावे लागते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात पोलीसभरतीसाठीही मुलांस तेवढेच अंतर धावावे लागते. म्हणून पहाटेच्या अंधारात, सागाच्या झाडांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर, मुलांचे व आता मुलींचेही जथे धावताना दिसतात. त्यांच्याबरोबर कोणी तरी असतो. तो कधी सुटीवर आलेला जवान असतो, कधी शाळेतील व्यायामशिक्षक, तर कधी स्वतः भरतीत थोडक्यासाठी राहून गेलेला एखादा तरुण. हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी, आणि पहाटेच्या झोपेवर सोडलेले पाणी, एवढेच त्याचे भांडवल. तो फी घेत नाही. गावात त्यास ‘सर’ म्हणतात. अशा माणसाविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही तो वाटतो.

प्रश्न येथूनच सुरू होतो. जो पैसे घेत नाही तो काहीच घेत नाही, असे आपण सहज धरून चालतो. हे खरे आहे काय? आणि ज्याने काहीच घेतले नाही त्यास काही विचारण्याचा अधिकारही उरत नाही, असे आपण समजतो. हे तरी योग्य आहे काय?

निष्काम सेवेचे एक उदात्त उदाहरण आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यांतील शेतकरी अनवाणी पायांनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. जिमखान्याचे अध्यक्ष तेव्हा सर दोराबजी टाटा होते. कोणी शिकविले नसताना, पायांत बूट नसताना, या माणसांनी नोंदविलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे त्यांनी ओळखले. मुंबईच्या गव्हर्नरांपर्यंत त्यांनी शब्द टाकला, हिंदुस्थानास ऑलिंपिकचा दरवाजा उघडून घेतला, आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतःच्या पदराने उचलला. १९२० साली अँटवर्पला जो लहानसा संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी होते. चौगुले यांनी ती शर्यत सुमारे २ तास ५० मिनिटांत पुरी केली व ते एकोणिसावे आले.

एकोणिसाव्या क्रमांकास पदक नसते. टाटांच्या नावाने जयजयकार व्हावा असा कोणताही विजय त्या संघाच्या हाती लागला नाही. तरीही पुढे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला खेळाडू गेले, आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडेच आले. फळ हाती आले नाही म्हणून हात आखडता घेतला नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याहूनही अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जिमखान्याच्या मैदानावर ज्या कोणी रेषा आखल्या, वेळा टिपल्या आणि धावणाऱ्यांस पाणी दिले, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. धावणाऱ्याचे नाव राहिले आणि सेवा करणाऱ्यांची नावे पुसली गेली. सेवेच्या दृष्टीने हा क्रम योग्यच झाला असे मला वाटते.

परंतु याच्या उलट उदाहरणही आपल्या परंपरेत आहे, आणि ते आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा मी म्हणतो. तो निषादपुत्र आहे म्हणून द्रोणाचार्यांनी त्यास शिष्य करून घेतले नाही. त्याने मातीची मूर्ती करून तिच्यासमोर विद्या साधली. आणि ती साधल्यावर आचार्यांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. ही कथा आपण बहुधा शिष्याच्या गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून सांगतो. एकलव्याची भक्ती थोर होतीच. परंतु गुरूच्या बाजूने तिच्याकडे पाहिले तर काय दिसते? ज्याने एक दिवसही शिकविले नाही त्याने शिष्याची सर्व विद्या घेतली. तीही स्वतःच्या उपयोगासाठी नव्हे, तर अर्जुनास दिलेला शब्द खरा व्हावा म्हणून. शिष्याच्या मनातील कृतज्ञता हेच त्यांचे बळ होते. ती नसती तर अंगठा मागता आला नसता.

गोंड व बैगा बांधवांच्या मुलांबरोबर एकाच रस्त्यावर आपली मुले धावतात अशा या प्रदेशात ही कथा केवळ पुराणातली राहत नाही. ज्याच्याजवळ फी द्यावयास पैसे नाहीत तो कृतज्ञतेने देतो. आणि कृतज्ञतेने जे मागता येते ते फीपेक्षा पुष्कळ मोठे असते.

विनामूल्य शिकविणारा कोणकोणत्या रूपांनी मोबदला घेऊ शकतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मुलगा भरती झाला की ‘याला मी घडविला’ असे तो चारचौघांत सांगतो, आणि राहून गेला की ‘याने माझे ऐकले नाही’ असे म्हणतो. यशाचे श्रेय त्याचे, अपयशाचा दोष मुलाचा. मुलाने दुसऱ्या कोणाकडे चार गोष्टी शिकाव्या असे ठरविले तर त्याला कृतघ्न ठरविले जाते. पाय दुखतो असे मुलगी म्हणाली तर ‘मी तुमच्यासाठी चार वाजता उठतो, आणि तुम्हांला एवढेही सोसवत नाही’ असे ऐकविले जाते. या वाक्यात पैशाचा उल्लेख नाही, पण हिशेब पुरेपूर आहे. सकाळी चार वाजताचे उठणे खात्यावर मांडले गेले आहे, आणि त्याची वसुली त्या मुलीच्या दुखऱ्या पायाकडून चालली आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. ओडिशात २००६ सालच्या मे महिन्यात बुधिया सिंग नावाच्या एका चार वर्षांच्या बालकाने पुरीपासून भुवनेश्वरपर्यंतचे सुमारे ६५ किलोमीटरचे अंतर ७ तास २ मिनिटांत धावून काढले. देशभर त्याचे कौतुक झाले. दारिद्र्यात जन्मलेल्या त्या मुलास एका प्रशिक्षकाने आसरा दिला होता, खाऊपिऊ घातले होते आणि धावावयास लावले होते. पुढे राज्य शासनाने त्या बालकाच्या अशा लांब धावा बंद केल्या, व त्यास सरकारी क्रीडा वसतिगृहात ठेवण्यात आले. त्या वेळी लोकांत दोन तट पडले होते. एक म्हणे, या माणसाने मुलाला चिखलातून उचलले, त्याचे उपकार मोठे. दुसरा म्हणे, चार वर्षांच्या मुलाची हाडे ही कोणाची मालमत्ता नव्हे. माझ्या मते दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि नेमकी हीच अडचण आहे. आसरा दिला हे उपकार खरेच होते. पण अन्न दिले म्हणून देहावर अधिकार आला, असे कोणत्याही धर्मशास्त्राने मानता कामा नये. आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्या आपणां सर्वांसही त्या प्रसंगातून शिकण्याजोगे आहे. त्या टाळ्या हाही मोबदलाच होता, आणि तो आपणच देत होतो.

आपल्याकडे एक म्हण आहे : धर्माची गाय आणि दात का नाही? फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, असा तिचा आशय. दान घेणाऱ्याने उद्धट होऊ नये, एवढ्यापुरती ती ठीक आहे. परंतु शिकविण्याच्या बाबतीत ती अगदी घातक आहे. फी घेणाऱ्या शिक्षकास आपण विचारतो, तुम्ही कोठे शिकलात, किती दिवसांत काय शिकवाल. विनामूल्य शिकविणाऱ्यास हे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. परिणाम असा होतो की, जेथे पैसा आहे तेथे चौकशी होते, आणि जेथे गरिबाचे मूल आहे तेथे चौकशी होत नाही. वस्तुतः ज्याची ऐपत कमी त्याचे नुकसान भरून निघणे अवघड. श्रीमंताच्या मुलाचा पाय मोडला तर एक शर्यत हुकते. भरतीसाठी धावणाऱ्या मुलाचा पाय मोडला तर वयाची अट निघून जाते, आणि घरातील मिळवत्या हाताची आशाच हुकते. तेव्हा धर्माच्या या गाईचे दात मोजलेच पाहिजेत.

ते मोजावयाचे म्हणजे काय? शिकविणाऱ्यास काही साध्या गोष्टींचे ज्ञान असावे, एवढेच. नियमित धावू लागल्यावर दम लवकर वाढतो. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच तयारीला लागतात. पण हाडे व स्नायूंना जोडणाऱ्या शिरा यांस बळकट होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ, कित्येक महिने लागतात. म्हणून मुलाला ‘आता मला जमते’ असे वाटू लागते नेमक्या त्याच वेळी नडगीच्या हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका असतो. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठेवावे, आणि हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे, हे त्यास ठाऊक हवे. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा उन्हात धावताना कोणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो केवळ थकवा समजू नये. उष्माघातात माणूस काही वेळातच दगावू शकतो. त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतीत राहावे, व रुग्णालयात न्यावे. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये रक्तातील लोह कमी असल्याने दम लागतो. अशा मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे. यांत कोणतीही गहन विद्या नाही. परंतु हे न शिकता मुलांना पळविणे म्हणजे दान नव्हे, तो दुसऱ्याच्या जीवाशी खेळ आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत ते येथे आठवतात. देणे हे कर्तव्य आहे अशा भावनेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक. उलट उपकाराच्या किंवा फळाच्या इच्छेने, अथवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. आणि अयोग्य स्थळी, अयोग्य काळी, मान न राखता, तुच्छतेने दिलेले ते तामस. पैसे घेतले नाहीत एवढ्याने दान सात्त्विक झाले, असे तेथे म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. स्थळ व काळ यांचाही विचार त्यात आहे. भर दुपारच्या उन्हात मुलांना पळविणारा विनावेतन राबत असेल, तरी काळाची कसोटी त्याने मोडली. आणि ‘तुम्ही गावंढळ पोरे, तुम्हांला काय कळते’ असे म्हणत शिकविणारा रोज पहाटे हजर राहत असेल, तरी मानाची कसोटी त्याने मोडली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. कोणी म्हणेल, अहो, आधीच अशी माणसे दुर्मीळ. त्यांच्यावर एवढ्या अटी लादल्या तर उद्या मैदानावर येईल कोण? शहरात पगारी प्रशिक्षक मिळतात. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक होते म्हणून सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवू शकली. आमच्या खेड्यात तसा कोण येणार? जो आहे त्याला दुखवू नका.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. सेवा किती करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. आठवड्यातून एकच तास देतो असे कोणी म्हटले तर त्याहून अधिक मागण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु जो एक तास दिला त्या तासापुरती जबाबदारी मात्र पूर्ण असते. मी पुरोहिताच्या घरात वाढलो आहे. गरीब यजमानाकडे दक्षिणा न घेता पूजा सांगावयाची वेळ पुरोहितावर अनेकदा येते. तेथे कोणी मंत्र गाळीत नाही. दक्षिणा नाही म्हणून संकल्प अर्धा सोडला, असे होत नाही. द्यावयाचे की नाही येथपर्यंत माणूस स्वतंत्र आहे. देण्यास बसल्यावर ते नीट देणे त्यास बंधनकारक आहे.

दक्षिणेच्याच संदर्भात आणखी एक विचार मनात येतो. दक्षिणेवाचून कर्म पुरे होत नाही, असे आपल्याकडे मानतात. पुष्कळांस यात पुरोहिताचा स्वार्थ दिसतो, आणि तो कधी नसतोच असे मी म्हणणार नाही. पण या रूढीत एक शहाणपणही आहे. दक्षिणा दिली की यजमान मोकळा होतो. सव्वा रुपया असो की सव्वाशे, ती हाती ठेवून नमस्कार केला की दोघांमधले खाते मिटले. उद्या पुरोहित येऊन ‘तुझ्या घरी मी सत्यनारायण केला होता, आता माझे ऐक’ असे म्हणू शकत नाही. पैसा घेण्यात हा गुण आहे की तो खाते बंद करतो. विनामूल्य सेवेत खाते उघडेच राहते, आणि उघड्या खात्यावर पुढे काय काय मांडले जाईल याचा नेम नसतो. म्हणून जो मोबदला घेत नाही त्याच्यावर एक अधिक कर्तव्य येते. ते खाते त्याने आपल्या हातांनी मिटवावयाचे असते. ‘तू माझे काही देणे लागत नाहीस’ हे त्याने वागण्यातून दाखवून द्यावयाचे असते. हे ज्याला साधले नाही त्याने त्यापेक्षा उघड उघड थोडी फी घ्यावी. फी घेणारा प्रामाणिक शिक्षक हा उपकार मोजणाऱ्या सेवकापेक्षा मुलांस पुष्कळ सुखाचा असतो.

खाते मिटवून सेवा कशी करावी याचे उत्तम चित्र मला अंध धावपटूंच्या शर्यतीत दिसते. पूर्णतः अंध धावपटूबरोबर एक डोळस सहधावक असतो. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते. नियम असा आहे की, सहधावकाने धावपटूला ओढावयाचे नाही, ढकलावयाचे नाही, आणि अंतिम रेषा धावपटूने आधी ओलांडली पाहिजे. सहधावक पुढे गेला तर शर्यत बाद. त्यास मार्ग दिसतो, वळण दिसते, कदाचित अधिक वेगाने धावण्याची शक्तीही असते. तरी पावलाशी पाऊल जुळवून धावणे आणि शेवटी अर्धे पाऊल मागे राहणे हे त्याचे काम. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये आपल्या सिमरन शर्मा हिने सहधावक अभय सिंग याच्याबरोबर धावून २०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत असता, अंतिम रेषेच्या अगदी जवळ तिच्या सहधावकाचे पाय आखडले व तो कोसळू लागला. तिने दोरी सोडून त्याला सावरले. दोरी सोडल्याचा नियमभंग झाला म्हणून तिचे पदक गेले. तो नियम योग्य की अयोग्य याची चर्चा जगभर झाली. मला एवढेच दिसते की, ज्याने तिला कधी ओढले नव्हते त्याला सावरण्यासाठी तिचा हात आपोआप पुढे गेला. तो हात कोणी मागितला नव्हता.

जी १६०० मीटरची धाव आपली मुले धावतात तिच्याहून थोडे मोठे, १६०९ मीटरचे, एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत कोणी धावू शकत नाही, अशी एके काळी समजूत होती. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत ते धावून दाखविले. त्या दिवशी प्रथम ख्रिस ब्रॅशर व नंतर ख्रिस चॅटवे हे दोन मित्र गती राखण्यासाठी त्यांच्या पुढे धावले होते. योग्य क्षणी दोघेही मागे पडले. तेही कसलेले धावपटू होते. ब्रॅशर यांनी तर १९५६ साली स्वतः ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. परंतु त्या एका सायंकाळी दुसऱ्याच्या वेळेसाठी धावण्यात त्यांस उणेपणा वाटला नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यास सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविले. पुढे त्याने अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्याकडेही सराव केला, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले. एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाणे हा पहिल्याचा अपमान समजला गेला असता तर हा मार्ग खुंटला असता. नदीचे पाणी एका घाटावर अडवून ठेवता येत नाही. शिष्य पुढे जाणार, आपल्याहून अधिक जाणणाऱ्याकडे जाणार, ही गोष्ट शिकविणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात धरावी.

आतापर्यंत देणाऱ्याविषयी लिहिले. घेणाऱ्यांचेही कर्तव्य आहे, आणि ते आपण कुटुंबे व हा समाज यांचे आहे. जो पहाटे उठून आपल्या मुलांबरोबर धावतो त्याला एकटे सोडणे हा आपला दोष आहे. त्याने सर्व काही करावे आणि आपण घरी निजावे, अशाने त्याच्या मनात ‘मीच एकटा’ ही भावना वाढीस लागते, आणि अहंकाराचे मूळ पुष्कळदा अशा एकटेपणातच असते. पालकांपैकी दोघांनी आळीपाळीने मैदानावर जावे. मुली धावत असतील तेथे एखादी आई, मावशी किंवा आत्या उपस्थित असावी. यात कोणावर अविश्वास नाही, उलट शिकविणाऱ्याचेही त्यात रक्षण आहे. पाण्याची घागर व प्रथमोपचाराची पेटी देवळाच्या ओसरीवर ठेवता येईल. वर्षातून एकदा डॉक्टरांस बोलावून मुलांची तपासणी व शिकविणाऱ्यांस चार गोष्टींची माहिती, असा कार्यक्रम रामनवमीच्या किंवा हनुमान जयंतीच्या निमित्ताने करता येण्याजोगा आहे. आणि शिकविणाऱ्याचा सत्कार करावयाचा तर तो भरती झालेल्या मुलांची संख्या मोजून करू नये. त्याच्या हाताखाली किती मुले धडधाकट राहिली, आणि न निवडली गेलेली मुलेही त्यास अजून आनंदाने भेटतात की नाही, हे पाहून करावा.

मुलांनीही एक ध्यानात ठेवावे. ज्याने आपल्याला विनामूल्य शिकविले त्याचे ऋण त्यास परत देण्याने फिटत नाही, आणि त्याच्या आज्ञेत जन्मभर राहिल्यानेही फिटत नाही. ते फेडावयाचा एकच मार्ग मला दिसतो. पुढे नोकरी लागली, सुटीवर गावी आलात, की पहाटे उठून मागच्या मुलांबरोबर चार फेऱ्या धावा. त्यांच्यातील सर्वांत मागे पडणाऱ्याच्या बरोबर धावा. ऋण अशा रीतीने पुढे सरकत राहिले म्हणजे ते कोणाच्याच डोक्यावर ओझे होऊन बसत नाही.

मोबदला न घेणारा गुरू काय घेतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गुरूने आपल्यापुरते द्यावयाचे आहे. अंगठा मागणारा गुरू आपल्या परंपरेत होऊन गेला हे विसरू नये. त्याचबरोबर, ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत अशा कित्येकांनी मैदाने आखली, पाणी दिले, वेळा टिपल्या आणि ते बाजूला झाले, हेही विसरू नये. आपल्या परसवाड्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस असा बाजूला होणारा गुरू लाभो, आणि त्याच्या पाठीशी उभे राहण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.